निरोपांची दहा मिनिटं

मला जाहिरातींचा राग येत नाही. साबण विकणाऱ्याने साबण विकावा, त्याचं पोट त्यावर आहे. मला शिसारी येते ती वेळा ठरवणाऱ्यांची. कुठल्यातरी थंडगार खोलीत बसून कुणीतरी ठरवतं की पुराची बातमी दुपारी दोनला उरकून टाका आणि रात्री आठला सासू-सुनेचं भांडण राहू द्या, कारण आठला घरोघरी माणसं टीव्हीसमोर बसलेली असतात. माझा भाचा अशाच एका वाहिनीत कामाला आहे. तो म्हणतो, "मावशी, तुला नाही कळायचं, ते शास्त्र असतं." ते शास्त्र मला त्याच्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. आपल्याकडे टीव्ही कुणी डोळ्यांनी पाहिलाही नव्हता तेव्हा मी पिंपरीत तेच काम करत होते, आणि वाईट गोष्ट ही की चांगलं करत होते.

पंचावन्न-छप्पनच्या सुमाराची ही गोष्ट. वडील चिंचवड स्टेशनात तिकिटं द्यायचे आणि आम्ही रेल्वेच्या क्वार्टरमध्ये राहायचो. पिंपरी तेव्हा धड गाव नव्हतं की धड शहर. एकीकडे फाळणीनंतर आलेल्या सिंधी लोकांचा कॅम्प, दुसरीकडे जुनी शेतं, आणि मध्ये तीन पाळ्यांत चालणारा मोठा कारखाना. चाकणपासून मावळापर्यंतची माणसं तिथे कामाला येत. कुणी सायकलवर, कुणी लोकलने, कुणी आसपासच्या गावांत चौघांत एक खोली घेऊन राहत. रेडिओ मोजक्या घरांत. सरकारी रेडिओवर सिनेमाची गाणी वाजत नसत आणि लोकांना तर गाणीच हवी असत.

पुण्याच्या एका मांडववाल्याने ही भूक बरोबर हेरली. लग्नाकार्यात कर्णे भाड्याने द्यायचा त्याचा धंदा. त्याने पिंपरीत खांबांवर चार कर्णे कायमचे बसवले. एक कारखान्याच्या गेटसमोर, एक स्टेशनच्या रस्त्यावर, एक कॅम्पाच्या बाजारात आणि एक कामगारांच्या चाळींपाशी. चौघांच्या तारा गेटजवळच्या एका पत्र्याच्या खोलीत आणल्या. आत ग्रामोफोन, माईक, रेकॉर्डींची खोकी. रेकॉर्ड वाजायची, मध्ये जाहिरात, पुन्हा रेकॉर्ड. मालक याला 'सेवा' म्हणायचे. मालकांच्या तोंडात सतत पान असे. बोटाला उरलेला चुना ते हाताशी येईल त्या कागदाला पुसत आणि पिंक खिडकीतून बाहेर टाकत. खिडकीखालची भिंत कायम लाल असे. एवढ्यावरूनच मी पहिल्या दिवशी घरी परत जायला हवं होतं.

गेले नाही, कारण मला ते काम आवडलं. मी मॅट्रिक झालेली, आवाज स्वच्छ, म्हणून माईकवर बोलायला मला घेतलं होतं. पण मालकांच्या लवकरच ध्यानात आलं की या मुलीला वेळापत्रक जमतं. न जमायला काय झालं? आमच्या घरी भिंतीवर देवांच्या तसबिरींहून गाड्यांची वेळापत्रकं जास्त होती. दर शनिवारी मी पुढच्या आठवड्याचा कागद आखायची. त्याला आम्ही तक्ता म्हणायचो.

तक्ता आखणं म्हणजे तारेवरची कसरत होती. दंतमंजनवाल्याला पहाटे सहाच हवे, कारण माणूस दात सकाळी घासतो. पण सहाला भजनं लावली नाहीत तर जुनी पिंपरीकर मंडळी तक्रार घेऊन यायची. चहाच्या पुड्या विकणारे दोघे होते. एकाची जाहिरात दुसऱ्याच्या मागे लागली की दोघेही भांडायला हजर. केसांच्या तेलवाल्याला दुपार हवी, बायका घरी असतात म्हणून. पण दुपारी कॅम्पातल्या दुकानदारांना त्यांच्या भाषेतली गाणी हवी असत. ग्रामोफोन आणि तारा सांभाळणारे आमचे मिस्त्री नमाजी. बांग होताना ते न बोलता आवाजाचं बटण खाली आणायचे, आणि ती मिनिटं मला मोकळी ठेवावी लागत. रात्रपाळीची माणसं सकाळी आठला घरी येऊन झोपत. त्यांच्या उशाशी कर्णा. एकाने वैतागून तारेवर दगड घातला, तेव्हापासून चाळीपाशी असलेला कर्णा आठ ते बारा बंद ठेवायचं ठरलं. त्यात तीन-पंचवीसची लोकल. ती स्टेशनात शिरताना एवढा गोंगाट व्हायचा की तेवढं मिनिट कुणीही विकत घेत नसे. एकाची जाहिरात चुकून त्या गोंगाटात सापडली तर त्याने मालकांकडून ती पुन्हा वाजवून घेतली. नाकाने कांदे सोलणारी सगळी मंडळी, आणि त्यांची मर्जी राखता राखता माझ्या पेन्सिली झिजायच्या.

पण सगळ्यांचा डोळा एकाच वेळेवर होता. दुपारचे तीन. पहिली पाळी सुटायची, दुसरी आत जायची, आणि दोन्ही पाळ्या एकाच रस्त्यावर, आमच्या कर्ण्याखाली. मालक तिला 'सोन्याची वेळ' म्हणायचे. तीन ते तीन-दहा मात्र ते विकू शकत नव्हते. खांब उभे करायची परवानगी देताना ग्रामपंचायतीच्या पंचांनी अट घातली होती की रोज दहा मिनिटं लोकांचे निरोप फुकट वाचायचे.

त्या निरोपांची एक पद्धत पडून गेली होती. गावाकडून येणारा कुणीही, गाडीवान, दूधवाला, भाजीवाली, आमच्या खिडकीशी थांबून निरोप सांगायचा आणि पुढे जायचा. मी वहीत उतरून घ्यायची. नावं सहसा नसतच. एकाच नावाची पाच-पाच माणसं कारखान्यात, त्यामुळे नावाचा उपयोगही नव्हता. आणि बायका आल्या तर नवऱ्याचं नाव घ्यायला त्यांची जीभ रेटत नसे. एक बाई मला म्हणाली होती, "प्याकिंगमधलं हायेत, म्हाळुंग्याचं, तिरपं बघत्यात." मी तिरपं बघण्याचं सोडून बाकीचं वाचलं. गाव, खातं आणि नातं, एवढ्यावर निरोप पोचायचा. कारण कर्ण्याखाली पाचशे माणसं उभी असत, त्यांतलं कुणीतरी म्हणायचं, "अरे, हा तर आपला तो," आणि त्याला गाठून सांगायचं. म्हैस व्याली, मामा लोकलने येतायत, पोराचा ताप उतरला. पत्ता कुणालाच लागत नसे. ती गर्दी हाच पत्ता होता.

मग विडीवाल्यांचा एजंट आला. पांढरे बूट घातलेला, सारखा हसणारा माणूस. त्याला तीन ते साडेतीन असा सलग अर्धा तास हवा होता. गाण्याचा तुकडा वाजवायचा, लोकांनी गाणं ओळखायचं, उत्तर विडीच्या बंडलाच्या लेबलावर लिहून आमच्या पेटीत टाकायचं, आणि दुसऱ्या दिवशी तीनला जिंकणारे जाहीर करायचे. मध्ये दुसरं काहीही नको, ही त्याची अट. मालकांच्या तोंडाला पाणी सुटलं. अडचण फक्त निरोपांची होती.

"पंचांची अट आहे," मालक म्हणाले. "दहा मिनिटं द्यावी लागतात."

तेव्हा मी तोंड उघडलं. कुणी मला विचारलं नव्हतं. तक्ता माझ्यासमोर होता आणि त्यातलं रिकामं घर मला दिसत होतं. मी म्हणाले, "अटीत दहा मिनिटं आहेत. कुठली दहा, ते लिहिलेलं नाही. अकरा ते अकरा-दहा मोकळं आहे."

मोकळं का होतं, हे मला पक्कं ठाऊक होतं. अकराला पहिली पाळी कारखान्यात. दुसऱ्या पाळीची माणसं आपापल्या खोल्यांवर भाकऱ्या थापत असलेली. रात्रपाळी झोपलेली, आणि चाळींपाशी असलेला कर्णा बंद. गेटसमोरच्या रस्त्यावर अकराला दोन शेळ्या असत आणि कधीकधी एक पोस्टमन. ती वेळ कुणी फुकटही घेत नव्हतं. म्हणूनच मी ती निरोपांना दिली.

"बाई, डोकं आहे तुम्हाला," मालक म्हणाले. एजंट माझ्याकडे बघून आणखी थोडा हसला. दुसऱ्या दिवशी त्याने माझ्यासाठी पेढ्यांचा पुडा आणला. मी घरी नेला आणि आम्ही सगळ्यांनी खाल्ला. ते पेढे चांगले होते हेही मला आठवतं, आणि ते आठवलं की मला स्वतःची किळस येते.

आठ-दहा दिवस काहीच तक्रार आली नाही. ज्यांना निरोप ऐकू आला नाही त्यांना तो ऐकू आला नाही हे कळणार कसं? मालक म्हणाले, "बघा, कुणाचं काही अडलं का?" गाण्याच्या खेळाला मात्र झुंबड उडाली. माणसं एकाच दिवसात दोन-दोन बंडलं ओढायला लागली, लेबलासाठी. शाळेतली पोरं गटारातून ओली लेबलं उचलून उन्हात वाळवायची. आमच्या पेटीला घाण वास यायचा. रोज संध्याकाळी ती पेटी उपसून उत्तरं तपासायची हेही माझंच काम होतं, आणि हात कितीही धुतले तरी जेवताना बोटांना तंबाखूचा वास येई.

त्या दिवशी दुपारी दीडच्या सुमाराला चऱ्होलीचा दूधवाला खिडकीशी आला. रोज सकाळी तो कॅम्पात दूध घालून दहाच्या आत परतायचा, म्हणून मला नवल वाटलं. सायकलला कॅन नव्हते. सदरा घामाने पाठीला चिकटला होता.

"बाई, निरोप घ्या," तो म्हणाला. "बॉयलरमधलं आमचं दाजी. चऱ्होलीचं जावई म्हना, समद्यांना ठावं हाय."

"काय सांगायचं?"

"बहीन अडलीया. काल सांजच्यापासनं. पयलटकरीन हाय. सुईन म्हनती, पुन्याला न्या, पोट फाडाया लागंल. वाळूचा ट्रक मिळालाय, दारात हुबा हाय. पन आबा न्हेईनात. म्हनत्यात, ल्येक दिली तवाच ती त्यांची झाली, जावयाच्या हुकमाबिगर मी तिला कापाया देनार न्हाई. दाजींनी सुटल्याबरुबर थेट चऱ्होलीला यावं. बस, येवढंच."

मी लिहून घेतलं. वहीतलं ते पान मला अजून दिसतं. मग मी म्हणाले, "निरोप आता तीनला नसतात. अकराला असतात."

"आज अकरा वाजून गेलं की."

"उद्या अकराला."

तो माझ्याकडे बघत राहिला. रागाने नाही. आपल्याला नीट कळलं नाही असं समजून माणूस बघतो तसा. "बाई, उद्याला काय करायचं?" तो म्हणाला. "गेटवरला पहारेकरी आत निरोप नेत न्हाई, म्हनतो सुटल्यावर भेट. मला थांबता येत न्हाई. चिंचवडास्नं नर्सबाईला घेऊन तसंच माघारी जायाचं हाय. तुमी तीनला सांगा की. येवढं मोठं यंत्र हाय तुमच्याकडं."

मी म्हणाले, "बघते."

'बघते' या शब्दाइतका लबाड शब्द मराठीत दुसरा नसेल. आपण हो म्हटलेलं नसतं आणि समोरच्याने हो ऐकलेलं असतं. दूधवाल्याने हात जोडले, सायकलवर टांग टाकली आणि तो चिंचवडच्या रस्त्याला लागला. मोठा भार उतरल्यासारखा गेला. आपण बहिणीचं काम केलं, असं त्याला वाटलं असणार.

मालक पावणेतीनला आले, आणि नेमका त्या दिवशी एजंटही बरोबर. त्याला गर्दी डोळ्यांनी बघायची होती. मी मालकांना वही दाखवली. त्यांनी वाचली, हे मला सांगितलंच पाहिजे. ओठ हलवत पूर्ण वाचली.

"साडेतीनला वाचा," ते म्हणाले.

"साडेतीनला गेटवर कुणी नसतं. तीन-पंचवीसला लोकल निघून जाते."

"मग काय एका माणसासाठी पाचशे माणसांचा कार्यक्रम मोडायचा?"

एजंट खुर्चीत बसून बुटावरची धूळ रुमालाने पुसत होता. वर न बघता तो म्हणाला, "आज एक निरोप, उद्या चार येतील. एकदा दार उघडलं की उघडलं. करारात मध्ये काही नाही म्हटलंय." आणि मग हसून मला, "वाईट वाटतं हो, पण शिस्त पाहिजे."

उंटावरून शेळ्या हाकणारी ती दोन माणसं, आणि त्यांच्यासमोर मी वही मिटून बसलेली.

तीनचा भोंगा झाला. रस्ता माणसांनी भरला. खेळ सुरू झाला, पहिला तुकडा वाजला, जिंकलेल्यांची यादी मी वाचली. माझा आवाज नेहमीसारखाच खणखणीत होता. आता दुसरा तुकडा लावायचा होता. ग्रामोफोनपाशी मिस्त्री बसलेले. साठीचे गृहस्थ, कमी बोलणारे. दूधवाला आला तेव्हा ते कोपऱ्यात तारा जोडत होते आणि त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्यांनी दुसरी रेकॉर्ड लावलीच नाही. सुई हातात उचलून धरली, माईकचं बटण वर केलं आणि माझ्याकडे बघितलं.

"बाई, बोला," ते हलकेच म्हणाले. "माईक चालू हाय."

चारही कर्णे एकदम गप्प झाले. खिडकीतून मला दिसत होतं, गाणं का थांबलं म्हणून माणसं वर बघायला लागली होती. सगळा रस्ता वर बघत होता. बॉयलर खात्यातली काळ्या हातांची माणसं गेटातून बाहेर पडत होती. त्यांतलाच एक तो. मला फक्त म्हणायचं होतं, 'चऱ्होलीचे जावई, ताबडतोब चऱ्होलीला जा.' पाच शब्द. मालक माझ्याकडे बघत होते. एजंटने पाय हलवायचा थांबवला होता.

मी म्हणाले, "दिवसभराचा शीण, एका झुरक्यात लीन."

ती विडीची ओळ होती. मीच जुळवून दिली होती.

मिस्त्रींनी सुई खाली ठेवली. त्यानंतर ते माझ्याकडे बघेनासे झाले. साडेतीनला मालक आणि एजंट समाधानाने उठून गेले आणि मी तो निरोप वाचला. दोनदा वाचला. बाहेर चहाच्या टपरीवरचा माणूस कपबशा विसळत होता आणि रस्त्यावर विडीची फाटकी बंडलं पडली होती. वाचून संपायच्या आत मिस्त्री सायकल काढून निघाले. लोकल गेली होती. टपरीवर, स्टेशनवर, कॅम्पात त्यांनी विचारलं. चऱ्होलीचा जावई? असेल कुणीतरी. त्याला ओळखणारी बॉयलरची दुसरी पाळी आत गेलेली होती. पत्ता सांगणारी गर्दी पांगली होती. आणि तो माणूस, हे नंतर कळलं, नदीपलीकडे पिंपळे गुरवला आपल्या खोलीवर आंघोळ करून आडवा झाला होता. जेमतेम अर्ध्या तासाची वाट. त्याला गाढ झोप लागली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला मिस्त्री गेटवर जाऊन उभे राहिले आणि आत जाणाऱ्या प्रत्येक घोळक्याला ओरडून विचारू लागले. तो सापडला. मिस्त्रींनी त्याला स्वतःची सायकल दिली.

ती आदल्या दिवशी दिवेलागणीलाच गेली होती. मूलही. नर्सबाई पोचल्या होत्या, त्यांनीही ट्रककडे बोट दाखवून सांगितलं होतं, पण म्हातारा उंबऱ्यावर बसून वाटेकडे बघत होता. जावई निघालेच असतील, म्हणत होता. निरोप तर दिलाय.

मी तो हिशेब पुष्कळदा मांडला आहे. मला दुसरं काही येतच नाही. तीनला गेट, कुणाचीतरी सायकल मागून घेऊन सव्वाचारला चऱ्होली, ट्रकने साडेपाचला पुण्याचा दवाखाना. दिवेलागण सातची. मधला दीड तास मोकळा आहे. वाचली असतीच असं नाही, डॉक्टरही तसं म्हणणार नाही. पण वेळ होता.

चऱ्होलीहून बोभाटा झाला तसे एक पंच चौकशीला आले. मालकांनी त्यांना माझा तक्ता दाखवला. चुना लागलेलं बोट अकराच्या घरावर टेकवून म्हणाले, "रोज दहा मिनिटं. एक दिवस चुकलेला नाही." पंचांनी कागद उलटापालटा करून पाहिला. अट पाळली होती. ते चहा घेऊन गेले.

आणि मग जे झालं ते आठवलं की अजून माझ्या तोंडाला कडवट चव येते. चऱ्होलीची ती बाई गेली त्याच्या चार दिवसांनी एजंट आला तो खुशीत होता. गावोगाव लोक निरोपांबद्दल बोलत होते. तीनला निरोप का नाहीत म्हणून विचारत होते. त्यावरून त्याला कळलं की निरोपांना गिऱ्हाईक आहे. "निरोप परत तीनला आणा," तो म्हणाला. "आमच्यातर्फे. प्रत्येक निरोपाआधी आमची एक ओळ. लोकांची सोय होईल, आमचंही नाव होईल." मालक म्हणाले, वा. मला म्हणाले, तक्ता बदला. दहा मिनिटांसाठी जी वेळ निघत नव्हती ती एका दिवसात निघाली, कारण आता ती विकली गेली होती. मी तक्ता बदलला. सोमवारपासून तीनला निरोप, विडीवाल्यांतर्फे. चालू आठवड्याचे तीन दिवस राहिले होते, तेवढे अकराला.

शुक्रवारी तो आला. मी त्याला कधी पाहिलं नव्हतं, पण ओळखलं. सुतकातली वाढलेली दाढी, नखांत बॉयलरची काजळी, अंगावर धुतलेला पण इस्त्री नसलेला सदरा. वय माझ्याहून फार नसेल. खिडकीशी उभा राहून त्याने मालकांना नमस्कार केला. मलाही केला.

"दहाव्याचा निरोप द्यायचा हाय," तो म्हणाला. "मंगळवारी, चऱ्होलीला नदीवर. आमच्या गावची मानसं कारखान्यात हायेत, त्यास्नी कळाया पायजे."

मालकांचा चेहरा एकदम मऊ झाला. "अरे, वाचू की. सोमवारी तीनला वाचू, सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल. पहिलाच तुझा. पुढे फक्त एक ओळ असते, विडीवाल्यांची, ती काय पटकन होते."

त्याने ते नीट ऐकून घेतलं. त्याला समजायला वेळ लागला नाही.

"तीनला नगं," तो म्हणाला. "उद्या अकराला वाचा."

"अरे बाबा, अकराला कोण असतं ऐकायला?"

"मी असंन," तो म्हणाला.

शनिवारी तो खरंच आला. अकराला पाच मिनिटं कमी असताना गेटसमोरच्या खांबाशी येऊन उभा राहिला, टोपी काढून हातात धरली. रस्त्यावर दुसरं कुणी नव्हतं. खिडकीतून तो मला स्पष्ट दिसत होता आणि कर्ण्यातून माझा आवाज त्याच्या डोक्यावर पडणार होता, दुसऱ्या कुणाच्याच नाही. मिस्त्रींनी माईकचं बटण वर केलं आणि ते उठून बाहेर जाऊन बसले.

मी निरोप वाचला. चऱ्होलीची लेक, बॉयलर खात्यातल्यांची पत्नी, दहावा मंगळवारी, नदीवर. वाचायला एक मिनिटही लागलं नाही. तो खाली मान घालून उभाच राहिला. आणखी काही येईल असं त्याला वाटत होतं की काय कोण जाणे. त्या दिवशी दुसरा निरोप नव्हता. उरलेली नऊ मिनिटं माझी होती, पंचांच्या अटीने ठेवलेली, कुणीही विकत न घेतलेली, आणि ऐकायला फक्त तो. मला त्याला काय सांगायचं होतं ते मला ठाऊक होतं.

मी बटण खाली केलं आणि रेकॉर्ड लावली.